जामीन मंजूर, माणूस आतच! सोलापूरच्या आमदार-खासदारांना खुलं पत्र

सोलापूर जिल्ह्याच्या 11 आमदारांना आणि आमच्या खासदारांना, स.न.वि.वि.

मी कोर्टासमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. एकोणीस वर्षं झाली. आधी मशीन खडखडायची, आता कॉम्प्युटर आहे, पण गिऱ्हाईक तेच, हातात पिशवी, पिशवीत रेशन कार्ड, लाइट बिल, कुणाचातरी सातबारा आणि चेहऱ्यावर काहीच कळत नाही असा भाव. मी वकील नाही. कुठल्या पार्टीचाही नाही, तुमच्यातल्या निम्म्यांना मत दिलंय आणि निम्म्यांना शिव्या दिल्यात, दोन्ही वेगवेगळ्या वेळी. पत्र सगळ्यांना एकत्र लिहायचं कारण एवढंच की हा विषय आमदाराला सांगितला की ते म्हणतात कायदा केंद्राचा आहे, आणि खासदारांच्या ऑफिसात गेलं की तिथला पीए म्हणतो जेल राज्याचं आहे. दोघंही खरं बोलतात, तीच तर पंचाईत आहे!

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. नावं सांगत नाही, कोर्टाचं नाही, ऑफिसचं नाही, त्या बाईचं तर नाहीच, तिला उगाच त्रास.

पूर्व भागातली बाई. विड्या वळते. नवरा नाही, एक पोरगा, बावीस-तेवीसचा, पॉवरलूमवर कामाला. कारखान्यातून सुताची बाचकी गेली म्हणून केस झाली, दोन दिवस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर, म्हणजे जेल. नोकराने मालकाची चोरी केली असं कलम लागलं, भारतीय न्याय संहितेचं 306, शिक्षा 7 वर्षांपर्यंत. आता 7 वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नका, आधी नोटीस द्या, चौकशीला बोलवा, असं सुप्रीम कोर्टाने अर्नेश कुमारच्या केसमध्ये 2014 लाच सांगून ठेवलंय, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही नोटिशीची तरतूद आहे. पण अटक झाली. का झाली ते विचारायला बाईकडे वकील नव्हता आणि मी विचारून उपयोग काय.

अशा गुन्ह्यात 60 दिवसांत चार्जशीट आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. चार्जशीट अठ्ठावन्नाव्या दिवशी आलं. पोलिसांचं कौतुक वाटतं मला कधी कधी, एरवी पासपोर्टच्या कागदाला इतके दिवस लागतात आणि इथं मात्र दोन दिवस शिल्लक ठेवून काम होतं. पुढे महिनाभराने जामीन मंजूर झाला. 25 हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. बाई ऑर्डरची कॉपी घेऊन दुकानात आली, हसत होती, पेढे नाहीत म्हणून चिक्की आणली होती. अण्णा, पोरगं आज सुटतंय की उद्या, असं विचारलं तिनं. मी म्हटलं अक्का, जामीनदार कोण आहे?

पोरगं त्यानंतर चार महिन्यांनी सुटलं.

या चार महिन्यांबद्दल हे पत्र आहे. त्या आधीच्या तीन महिन्यांबद्दल भांडायला वकील लोक आहेत, कोर्ट आहे, कायदा आहे. पण ज्याला कोर्टानेच सांगितलं बाबा तू जा, तो चार महिने आत कसा राहतो आणि त्याचा जबाब कुणाला मागायचा, हे मला एकोणीस वर्षांत कुणी समजावून सांगितलं नाही, म्हणून शेवटी मीच वाचायला लागलो. दुकानात वकिलांची पुस्तकं झेरॉक्सला येतातच.

तर राज्यघटनेत सातवं परिशिष्ट आहे, त्यात कामाची वाटणी केलीय. पोलीस राज्याचे, कायदा-सुव्यवस्था राज्याची, तुरुंगही राज्याचा. पण गुन्ह्याचा कायदा आणि तो चालवायची पद्धत समवर्ती यादीत, म्हणजे दोघांनी मिळून, आणि प्रत्यक्षात दिल्ली करते. 1 जुलै 2024 पासून नवे तीन कायदे आले ते दिल्लीने आणले. खालच्या कोर्टाचा पगार आणि बिल्डिंग राज्य बघतं (बिल्डिंगला केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के अशीही एक योजना आहे), न्यायाधीशांवर देखरेख हायकोर्टाची. आणि कोर्टांच्या रचनेचा विषय आधी राज्याकडे होता तो 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती यादीत गेला. गंमत म्हणजे गरिबाला फुकट वकील द्या हे 39 अ कलमही त्याच दुरुस्तीत आलं.

आणखी एक. केंद्राचं स्वतःचं असं जेल नाही. ईडीने पकडलेला असो, सीबीआयने पकडलेला असो, एनआयएचा असो, बसतो राज्याच्याच जेलमध्ये. येरवडा सेंट्रल जेल म्हटलं की लोकांना वाटतं सेंट्रल गव्हर्नमेंटचं, तसं नाही हो, ते महाराष्ट्राचंच, नाव फक्त मध्यवर्ती. म्हणजे कुणाला आत टाकायचं याचे कायदे दिल्लीत वाढत जातात आणि भाकरी, पाणी, संडास, एस्कॉर्टची गाडी याचं बिल मुंबईत फाटतं. टाकणारा वेगळा, सांभाळणारा वेगळा. घरात पाहुणे बोलावणारा एक आणि स्वयंपाक करणारी दुसरी असली की काय होतं ते तुम्हाला माहितीये.

कोर्टासमोर चहा पिताना एक तरुण वकील सांगत होते, अमेरिकेत केंद्राची जेलं वेगळी, राज्यांची वेगळी, आणि निकाल न लागलेली माणसं बहुतेक काउंटीच्या जेलमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं समजा. राज्याचा फौजदारी कायदाही राज्याचाच, त्यामुळे इलिनॉय राज्याने 18 सप्टेंबर 2023 पासून पैसे भरून जामीन ही भानगडच बंद करून टाकली, बाकीच्या राज्यांत चालू आहे. तिथलं सगळं चांगलं आहे असं नाही म्हणत मी, पण निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते तिथल्या माणसाला कळत असेल.

आता चार महिन्यांत काय काय झालं ते ऐका.

जामीनदाराला ऐपत दाखवावी लागते. बाई भाड्याच्या खोलीत. शेजारी सगळे भाड्याच्या खोलीत. एका ओळखीच्याचं घर आहे पण उतारा अजून आजोबाच्या नावावर, वारसनोंद नाही. ऐपतीचा दाखला काढायला एका ऑफिसात गेली तर तीन फेऱ्या आणि मग मिळकत नावावर पाहिजे असं उत्तर. बाईचा सख्खा भाऊ सिरसिल्ल्याला, तेलंगणात, तोही मागावरच काम करतो पण स्वतःचं घर आहे, कागद क्लिअर. तो बिचारा रात्रभर एसटीने आला, सगळे कागद घेऊन, तेलुगूत. खिडकीवर सांगितलं लोकल आणा.

साहेब, हे लोकलचं भूत आजचं नाही. 1978 साली सुप्रीम कोर्टापुढे मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याची केस गेली होती. त्याला मॅजिस्ट्रेटने 10 हजारांचा जामीन लावला, आणि भाऊ जामीन राहायला तयार होता तर म्हणे भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्यावर असं काही लिहिलंय की मी ती पानं स्वतःसाठी एक कॉपी जास्त काढून ठेवली. त्यांचं म्हणणं असं की देश एक आहे, मग मल्याळी माणूस किंवा कानडी माणूस लांब कुठे उत्तरेत पकडला गेला तर त्याने तिथला जामीनदार आणायचा कुठून? 31 जानेवारी 2023 च्या ऑर्डरमध्येही सुप्रीम कोर्टाने परत तेच सांगितलं, लोकल जामीनदाराचा आग्रह धरू नका, त्यामुळे माणसं अडकून पडतात. म्हणजे 45 वर्षांत एकच गोष्ट दोनदा, आणि आमच्या खिडकीपर्यंत एकदाही पोचली नाही.

आणि सोलापुरात तर हे जास्तच लागतं. आमचं गाव असं की अर्ध्या घरांचं माहेर इंडीला नाहीतर आळंदला नाहीतर सिरसिल्ल्याला. अक्कलकोटवाल्याला तर कर्नाटक शेजारीच. भाऊ, मेव्हणा, मामा सगळे बॉर्डरपलीकडे. लग्नाला बॉर्डर नाही, विडीच्या पानाला नाही, चादरीच्या धाग्याला नाही, जामिनाला मात्र आहे. उलटंही होतं, इथलं पोरगं विजयपूरकडे एखाद्या केसमध्ये सापडलं की तिथं मराठी माणूस जामीनदार शोधत फिरतो, कानडीत टाइप केलेला कागद घेऊन माझ्याकडे येतो, मी त्याला काय सांगू.

भाड्याचे जामीनदार मिळतात म्हणतात. रेट असतो. एकाने बाईला गाठलं पण होतं, आणि तिने मला विचारलं पण होतं. मी नको म्हटलं, बोगस कागदात अडकशील. बरोबर सांगितलं का चुकीचं अजून कळत नाही, कारण त्यानंतर पोरगं अडीच महिने आत होतं.

मग ती 2023 ची ऑर्डर. त्यात सगळं लिहिलंय हो, वाचून तोंडात बोट जातं! जामीन झाला की कोर्टाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ऑर्डर जेलला ईमेल करायची. जेलने ई-प्रिझन्स सॉफ्टवेअरमध्ये तारीख टाकायची. 7 दिवसांत सुटला नाही तर जेलरने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे गरिबाला फुकट वकील देणाऱ्या ऑफिसच्या, सचिवांना कळवायचं, त्यांनी वकील नाहीतर स्वयंसेवक पाठवून का सुटला नाही ते बघायचं. महिना झाला तरी जामीनदार नाही मिळाला तर कोर्ट स्वतःहून अट कमी करायची का ते बघू शकतं. किती सुंदर. आता यात माणसं मोजा. सॉफ्टवेअर एनआयसीचं, म्हणजे केंद्राच्या कॉम्प्युटरवाल्या खात्याचं. डेटा भरणार राज्याचा जेल स्टाफ. ईमेल करणार कोर्टाचा स्टाफ, जो हायकोर्टाच्या हाताखाली. वकील देणार विधी सेवा, ज्याचा कायदा 1987 चा, दिल्लीचा. चौघांपैकी एकाने जरी आज सर्व्हर डाऊन आहे म्हटलं तर साखळी तुटली, आणि कुणीच कुणाचा साहेब नाही. मी बाईबरोबर दोन ठिकाणी गेलो. एकाने सांगितलं यादी वरून आली नाही. दुसऱ्याने सांगितलं यादी पाठवलीय. तिसऱ्याकडे गेलोच नाही, दुकान बंद ठेवून किती फिरणार.

अजून राग यायची गोष्ट पुढे आहे. 2023 च्या बजेटमध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. वर्षाला 20 कोटी. ज्याला जामीन मंजूर आहे पण पैसे नाहीत अशा कच्च्या (निकाल न लागलेल्या) कैद्याला, योजना आली तेव्हाच्या नियमाप्रमाणे, 40 हजारांपर्यंत, दंड भरता न येणाऱ्या पक्क्या (शिक्षा झालेल्या) कैद्याला 25 हजारांपर्यंत. यूएपीए (दहशतवाद), एनडीपीएस (ड्रग्ज), मनी लाँड्रिंग असल्या केसेसना नाही, पण सुताच्या बाचक्याला आहे ना! पैसा केंद्राच्या गृह खात्याचा, एनसीआरबी, म्हणजे गुन्ह्यांचे आकडे ठेवणारं केंद्राचं ऑफिस, त्याच्यामार्फत राज्याकडे, आणि मंजुरी जिल्ह्यात, कलेक्टर, एसपी, जेल अधीक्षक, विधी सेवेचे सचिव आणि एक न्यायाधीश अशी कमिटी. म्हणजे पैसा दिल्लीचा आणि सही सोलापूरची. आमच्या पोराचा जामीन 25 हजार. कोर्टाची परवानगी घेऊन जामीनदाराऐवजी रोख भरला असता तर यात आरामात बसत होतं. एका ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, ते सेंट्रलचं आहे, आपल्याकडे काही नाही. आणि तिकडे केंद्राला राज्यांना पत्रं पाठवून आठवण करून द्यावी लागते की बाबांनो पैसे वापरा.

वर्षाला 20 कोटी म्हणजे देशाच्या हिशेबात चिल्लर आहे, मान्य. पण ती चिल्लरसुद्धा खाली उतरत नाही.

आकडे तुम्हाला माहीत असतील पण लिहितो. एनसीआरबीच्या 2022 च्या रिपोर्टप्रमाणे देशाच्या जेलमध्ये 5,73,220 माणसं होती आणि जागा 4,36,266 ची. त्यातले 4,34,302 कच्चे कैदी. शंभरातले जवळपास शहात्तर. कच्चा कैदी म्हणजे सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्याने गुन्हा केलाय हे अजून ठरलेलं नाही तो. दोन आकडे शेजारी ठेवून बघा, जेलची जेवढी जागा आहे जवळपास तेवढे नुसते कच्चे कैदीच आहेत, पक्क्यांना जागा उरतच नाही.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 479 आहे, त्याचं कौतुक फार झालं. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला असेल आणि जास्तीत जास्त शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला असेल तर सोडा, इतरांना निम्मी शिक्षा झाल्यावर. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना नाही. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2024 मध्ये सांगितलं की जुन्या केसेसनाही लावा. चांगलंच आहे. पण 7 वर्षांचा तिसरा हिस्सा काढा, 2 वर्षं 4 महिने! आमचं पोरगं तोपर्यंत थांबलं असतं तर कलम 479 ने सुटलं असतं आणि कागदावर योजना यशस्वी. शिवाय एकापेक्षा जास्त केसेस असतील तर हे कलम लागत नाही, आणि ज्याच्यावर पोलिसांचा डोळा आहे त्याच्यावर एकच केस कधी असते का?

डोळा म्हटलं की सेटलमेंट आठवतं. सोलापूरकराला सेटलमेंट काय ते सांगायला नको, तारेच्या कुंपणात अख्ख्या जमाती कोंडल्या होत्या, जन्मलं लेकरू की गुन्हेगार, 1871 पासूनचा कायदा. इथं एक गोष्ट मला तुम्हा आमदारांना मुद्दाम सांगायचीय. तो कायदा देशभर रद्द झाला 1952 ला. पण मुंबई राज्याने तो 1949 लाच काढून टाकला होता. दिल्लीची वाट बघितली नाही. म्हणजे राज्याने मनावर घेतलं तर होतं. कायद्याचं भूत अजून गेलेलं नाही ती गोष्ट वेगळी. 3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की जेलच्या रजिस्टरमधून जातीचा रकाना काढा, विमुक्त जमातीच्या, म्हणजे त्याच कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, माणसाला सराईत गुन्हेगार समजू नका, आणि तुरुंगाची मॅन्युअलं राज्यांची असल्यामुळे राज्याराज्याला तीन महिन्यांत ती बदला म्हणून सांगावं लागलं.

आणि राज्याच्या हातात काही नाही असं तर म्हणूच नका. समवर्ती विषयात राज्याने वेगळा कायदा करून राष्ट्रपतींची मंजुरी घेतली की त्या राज्यात तो चालतो, घटनेचं कलम 254. उत्तर प्रदेशने 1976 ला अटकपूर्व जामीनच काढून टाकला होता, 2019 पर्यंत तिथं तो नव्हता! आपण 1999 ला संघटित गुन्हेगारीविरुद्ध मकोका केला, 180 दिवस चार्जशीटला आणि जामीन म्हणजे देवाचं नाव. 2021 ला महिलांवरच्या अत्याचारांसाठी शक्ती विधेयक विधिमंडळात पास केलं, ते मंजुरीसाठी दिल्लीत अडकलं. त्याच्याही आधी 1981 चा एमपीडीए, ज्यात केस चालायच्या आधीच कमिशनर नाहीतर कलेक्टरच्या ऑर्डरवर वर्षभर आत ठेवता येतं. पेपरात आठवड्याला बातमी असते, अमक्यावर एमपीडीए, येरवड्यात रवानगी. आमच्या गावाला येरवड्याचा रस्ता जुना माहिती आहे, 12 जानेवारी 1931 ला आमच्या चार हुतात्म्यांना तिथंच फाशी दिली, मार्शल लॉ लागलेलं गाव आहे हे. असो, विषय तो नाही. मुद्दा हा की माणूस आत ठेवायचा असला की महाराष्ट्राला आपले अधिकार बरोबर आठवतात. बाहेर सोडायचं म्हटलं की कायदा केंद्राचा होतो.

तर आमदार साहेब, माझं मागणं असं की जामीन होऊन 30 दिवसांत जामीनदार मिळाला नाही तर साध्या जातमुचलक्यावर सोडायचं, ठरावीक मोठे गुन्हे वगळून, अशी महाराष्ट्राची दुरुस्ती आणा. जामीनपात्र गुन्ह्यात एका आठवड्यात जामीन देता आला नाही तर माणूस गरीब समजून सोडा हे कायद्यात आधीच आहे, तेच थोडं पुढे न्या. अशासकीय विधेयक तरी टाका, पास नाही झालं तर नाही, पण विधानसभेत सोलापूरच्या आमदाराने कच्च्या कैद्यावर बोललेलं मला एकदा यूट्यूबवर बघायचंय. खासदारांनी लोकसभेत विचारावं की 20 कोटींतले सोलापूरला किती आले आणि किती जण सुटले. जेल राज्याचं असलं तरी तो पैसा तुमच्या सभागृहाने मंजूर केलेला आहे, विचारायचा हक्क आहे. बार्शीकरांनी धाराशिवच्या खासदारांना सांगा, बार्शीतला कैदी काय वेगळा नाही.

आणि हे सगळं लांबचं. जवळचं सांगतो. डीपीडीसीच्या, म्हणजे जिल्हा नियोजन समितीच्या, मीटिंगला आमदार-खासदार एका टेबलावर बसता, कलेक्टर तिथंच असतात, एसपी असतात. रस्ते, पाणी, हायमास्ट झाल्यावर शेवटी एक कागद मागा, जामीन झालेले पण न सुटलेले किती, कुठल्या कोर्टाचे, किती दिवस, कशामुळे. नावं नकोत, नुसता आकडा. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी कमिटी आहेच, 2015 पासून, दर तीन महिन्याला बसते, आकडा तिथं असणारच. तुम्ही कोर्टाला आदेश देऊ शकत नाही हे मला कळतं, द्यायचाही नाही. पण कलेक्टरला कमिटी घ्या म्हणणं, तहसीलला ऐपत दाखल्याची मुदत पाळा म्हणणं, जेलला माणूस कमी आहे तर पद भरा म्हणणं, हे तर तुमचंच काम ना.

18 ऑगस्ट 2025 पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय, सोलापूर त्यात आहे. मुंबईपेक्षा जवळ, चांगली सोय झाली. तेवढ्यासाठी वकिलांनी किती वर्षं आंदोलनं केली. पण जो जिल्ह्याच्या खिडकीवर जामीनदारासाठी अडकलाय त्याला कोल्हापूर काय आणि मुंबई काय, एसटीचं तिकीट दोन्हीकडचं परवडत नाही.

पोराचं काय झालं ते राहिलं. विधी सेवेच्या वकील मॅडम होत्या एक, नवीनच आलेल्या, त्यांनी ती 2023 ची ऑर्डर लावून अट कमी करायचा अर्ज दिला. तो मीच टाइप केला, दीड पान. कोर्टाने एका तारखेत 5 हजार रोख आणि जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. दीड पानाचं काम होतं. बाईने बचत गटातून 5 हजार उचलले. पोरगं संध्याकाळी बाहेर आलं, लूमवर दुसरा माणूस लागला होता, आता तो टॉवेलच्या कारखान्यात रोजंदारीवर जातो आणि तारखेला खाडा करतो. केस अजून सुरू नाही झाली, साक्षीदाराचा पत्ता नाही.

त्या अर्जाचा ड्राफ्ट माझ्या कॉम्प्युटरवर सेव्ह आहे. नाव आणि केस नंबर बदलून आत्तापर्यंत सात जणांसाठी वापरला, टायपिंगचे पैसे घेतले नाहीत, झेरॉक्सचे घेतले. तुमच्यापैकी कुणाला पाहिजे असेल तर सुट्टीचा दिवस सोडून कधीही या, 10 ला दुकान उघडतं. शक्यतो सोमवारी या आणि गाडी लांब लावून नुसतं तासभर बाकड्यावर बसा, तुम्ही कोण ते मी कुणाला सांगणार नाही.

आपला,
कोर्टासमोरचा टायपिंगवाला
सोलापूर